इशाऱ्याचे वाङ्मय आणि पूर्वपक्ष

१

लोकशाहीवर येऊ घातलेल्या संकटाची आगाऊ सूचना देणारे लेखन हा अमेरिकन गद्यातील एक जुना आणि अखंड प्रवाह आहे. यादवी युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती, तेव्हा, १८७१ मध्ये, वॉल्ट व्हिटमन यांनी ‘डेमोक्रॅटिक व्हिस्टाज’ हा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आणि ज्या लोकशाहीचा गौरव त्यांच्या कवितेने केला होता, तिच्याच व्यवहारातील भ्रष्टता व पोकळपणा त्यात कठोरपणे उघड केला. त्यानंतर हा प्रवाह कादंबरी, नाटक, पत्र, व्याख्यान, राज्यशास्त्रीय प्रबंध अशा अनेक रूपांनी वाहत राहिला. २०१६ नंतर तर त्याला पूर आला. या लेखकांपैकी बहुसंख्य लेखक अमेरिकेत ज्यांना उदारमतवादी किंवा डावीकडे झुकलेले म्हणतात त्या वर्गातील आहेत. युरोपीय अथवा भारतीय अर्थाने त्यांतील थोड्यांनाच डावे म्हणता येईल. परंतु मताधिकाराचा विस्तार, वंशसमता, श्रमिकांचे हित आणि सत्तेवरील कायद्याचा अंकुश यांविषयीची आस्था त्यांना एकत्र बांधते.

अशा लेखनाचे मूल्य सहसा दोन कसोट्यांवर ठरविले जाते. सांगितलेले भविष्य खरे ठरले की नाही, ही पहिली. आणि लेखक योग्य बाजूला उभा होता की नाही, ही दुसरी. या दोन्ही कसोट्या वाङ्मयाच्या दृष्टीने अपुऱ्या आहेत. खरे ठरलेले भाकीत ज्योतिषाचे यश असू शकेल, गद्याचे नव्हे. आणि योग्य बाजूला उभे राहून निकृष्ट लिहिणाऱ्यांची उणीव कोणत्याच काळात भासलेली नाही. तिसरी एक कसोटी आपल्याकडील न्यायशास्त्राने फार पूर्वी घडवून ठेवली आहे. त्या शास्त्राने वादसंवादाचे तीन प्रकार मानले: तत्त्वनिर्णयाच्या इच्छेने चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता समोरच्याचे नुसते खंडन करते ती वितंडा. वादाची खूण अशी की, त्यात पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडलेला असतो. ज्याचे खंडन करावयाचे त्याचे म्हणणे त्याला स्वतःला ओळखू येईल अशा रीतीने आधी मांडावे, मग उत्तरपक्षाकडे वळावे, ही ती शिस्त.

यावर एक आक्षेप लगेच येईल. घराला आग लागली असताना पूर्वपक्ष कोण मांडत बसेल? इशारा हा मुळात घाईचा उद्गार. त्याच्याकडून न्यायसभेतील संथपणाची अपेक्षा कशी करावी? आक्षेप वजनदार आहे. परंतु लोकशाहीतील आगीचे एक वैशिष्ट्य या दृष्टान्तात हरवते. येथे आग लावल्याचा आरोप ज्याच्यावर असतो, त्याच शेजाऱ्याच्या हातून पाणी ओतवून घ्यावे लागते. त्याच्या मताशिवाय निवडणूक जिंकता येत नाही, त्याच्या संमतीशिवाय कायदा टिकत नाही. म्हणून इशाऱ्याच्या वाङ्मयात श्रोता कोण, हा प्रश्न शिष्टाचाराचा राहत नाही. त्या लेखनाचे यश आणि त्याची कला दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

२

सिंक्लेअर लुईस यांची ‘इट कान्ट हॅपन हिअर’ ही कादंबरी १९३५ मध्ये निघाली. लुईस यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षे लोटली होती. आणि लुइझियानाचा लोकानुनयी नेता ह्यूई लाँग याची हत्या कादंबरी निघण्यापूर्वी थोड्याच दिवसांमागे झाली होती. कादंबरीतील बझ विंड्रिप हा प्रत्येक कुटुंबाला रोख रकमेचे आश्वासन देत १९३६ ची निवडणूक जिंकतो आणि आपल्या सशस्त्र दलाच्या बळावर प्रजासत्ताक मोडून काढतो. त्याला विरोध करतो तो व्हरमाँटमधील एका लहान गावच्या वृत्तपत्राचा संपादक, डोरेमस जेसप. पुढच्याच वर्षी सरकारी साहाय्याने चालणाऱ्या नाट्ययोजनेने या कादंबरीचे नाट्यरूप एकाच दिवशी अनेक शहरांत रंगमंचावर आणले.

या कादंबरीचे बळ विंड्रिपच्या चित्रणात नाही. तो व्यंगचित्राच्या पलीकडे क्वचितच जातो. तिचे बळ जेसपच्या आत्मपरीक्षणात आहे. हुकूमशाहीचा दोष केवळ हुकूमशहाचा नाही, केवळ त्याच्यामागे धावणाऱ्या जमावाचाही नाही. सारे कळत असूनही आळसाने आणि सभ्यपणाच्या आवरणाखाली स्वस्थ बसलेल्या आपल्यासारख्यांचा तो आहे, हे त्याला उमगते, आणि तेथे कादंबरी उपहासाची पातळी सोडून गंभीर होते.

पण याच कादंबरीत शॅड लेड्यू नावाचा एक माणूस आहे. तो जेसपच्या घरचा गडी. मालक त्याला आळशी आणि उर्मट समजतो. पुढे नवी राजवट त्याला अधिकार देते आणि तो पूर्वीच्या मालकावर सूड उगवतो. लेड्यूच्या मनात हा द्वेष कसा साठत गेला, जेसपच्या स्वयंपाकघराच्या दारातून त्याला ते सुसंस्कृत घर कसे दिसत होते, याचा शोध लुईस घेत नाहीत. लेड्यू वाईट आहे, कारण तो पहिल्यापासून वाईट होता. वास्तविक कादंबरीचा खरा प्रश्न याच माणसापाशी होता. विंड्रिप एक असतो. त्याला विंड्रिप बनविणारे लेड्यू लाखो असतात. लुईस यांनी त्यांच्यासाठी पूर्वपक्षाची जागा ठेवली नाही, आणि त्यामुळे जेसपचे आत्मपरीक्षणही अर्ध्यावर थांबले. आपण स्वस्थ बसलो, हे त्याला कळते. आपण घरच्या गड्याकडे कसे पाहत होतो, हे त्याला कळत नाही.

याच कल्पनेवर जवळजवळ सत्तर वर्षांनी फिलिप रॉथ यांनी ‘द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका’ (२००४) लिहिली. १९४० च्या निवडणुकीत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग रूझवेल्ट यांचा पराभव करतो असे कल्पून न्यूअर्कमधील एका ज्यू कुटुंबाची वाताहत तीत सांगितली आहे. येथे हुकूमशहा जवळजवळ पडद्याआड राहतो. दिसते ते घर. वडील निष्ठावान लोकशाहीवादी, तर थोरला मुलगा नव्या राजवटीच्या मोहात पडलेला; आणि ज्यू समाजातीलच एक प्रतिष्ठित धर्मगुरू लिंडबर्गची पाठराखण करणारा. उलट ज्या केंटकी राज्याची या कुटुंबाला धास्ती वाटते, तेथील एक ख्रिस्ती शेतकरी कुटुंब संकटकाळी माणुसकीने वागते. दोषाची आणि सद्भावाची वाटणी रॉथ अशी गुंतागुंतीची करतात, म्हणून त्यांचे भय वाचकाच्या अंगाला भिडते. इतिहास पुन्हा मूळ मार्गावर आणताना त्यांनी योजिलेली अखेरची युक्ती सोयीस्कर आहे, हे मान्य केले तरी लुईस यांच्यापेक्षा त्यांचा इशारा अधिक खोल जातो. कारण त्यांच्या कादंबरीत विरुद्ध बाजूचा माणूसही त्याच घरात जेवावयास बसलेला आहे.

३

कादंबरीकाराला विरुद्ध बाजू टाळता येते. नाटककाराला ती टाळता येत नाही, कारण रंगमंचावर ती बोलूच लागते. आर्थर मिलर यांचे ‘द क्रुसिबल’ या नाटकाचा पहिला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये जानेवारी १९५३ मध्ये झाला. सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी फेब्रुवारी १९५० मध्ये व्हीलिंग येथील भाषणात सरकारी खात्यांत कम्युनिस्ट शिरल्याचा गाजावाजा केला होता. मिलर यांचे सहकारी दिग्दर्शक एलिया कझान यांनी १९५२ मध्ये संसदेच्या चौकशी समितीपुढे जुन्या साथीदारांची नावे सांगितली होती. मिलर यांनी १६९२ मधील सेलम गावचे चेटूक-खटले निवडले. त्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली आणि एका वृद्धाला अंगावर दगड रचून ठार मारण्यात आले.

नाटकावर त्या वेळी घेतला गेलेला मुख्य आक्षेप असा की, हे साम्य खोटे आहे. चेटकिणी अस्तित्वातच नव्हत्या, कम्युनिस्ट मात्र होते. आक्षेपातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु मिलर यांचा रोख आरोपाच्या खरेखोटेपणापेक्षा आरोपाच्या व्याकरणावर आहे. जेथे प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर गृहीत धरलेले असते, जेथे नाकारणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो, जेथे सुटकेचा एकच मार्ग म्हणजे दुसऱ्याचे नाव सांगणे, तेथे आरोपी खरोखर दोषी असला तरी न्याय घडू शकत नाही. सेलमच्या न्यायालयात भाषा सत्य शोधण्याचे साधन राहत नाही. ती शरणागती मोजण्याचे माप बनते. नागरी संवादाचा नाश यापेक्षा नेमक्या रीतीने फार थोड्या नाटकांनी दाखविला आहे.

आणि तरीही मिलर यांनी पूर्वपक्ष सोडलेला नाही. न्यायाधीश डॅनफर्थ कठोर आहे, पण लबाड नाही. न्यायालयाचा अधिकार ढळला तर समाजच ढळेल, ही त्याची भीती खरी आहे. धर्मोपदेशक हेल ग्रंथांचा भारा घेऊन चेटूक शोधण्यास येतो, आणि शेवटी आपल्याच हातून घडलेल्या अन्यायाने खचून न्यायालयाचा त्याग करतो. नायक जॉन प्रॉक्टर हा निष्कलंक हुतात्मा नाही; त्याने पत्नीशी प्रतारणा केली आहे, आणि आपण संतांच्या पंक्तीत बसण्यास अपात्र आहोत हे तो जाणतो. म्हणूनच खोट्या कबुलीवर सही करूनही तो कागद दारावर लावण्यास देण्याचे तो नाकारतो, तेव्हा त्या नकाराला उपदेशाचा वास येत नाही. स्वतःच्या अपराधाची जाणीव असलेला माणूसच येथे राज्यसत्तेला तिचा अपराध दाखवू शकतो.

नाटककाराचीही परीक्षा झाली. १९५६ मध्ये मिलर यांना त्याच समितीपुढे पाचारण झाले. स्वतःविषयी त्यांनी सांगितले, दुसऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिला; १९५७ मध्ये त्यांना समितीच्या अवमानाबद्दल दोषी ठरविण्यात आले आणि १९५८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. परंतु मॅकार्थीपर्वाचा शेवट एकट्या डाव्या लेखकांनी घडविला नाही, याची नोंद घेतली पाहिजे. मॅकार्थी यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या मेन राज्यातील सेनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांनी १ जून १९५० रोजी, म्हणजे अगदी आरंभीच, सभागृहात उभे राहून या पद्धतीचा निषेध केला होता; आणि २ डिसेंबर १९५४ रोजी सेनेटने मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी संमत केला, तेव्हा त्या सदुसष्टांत त्यांच्या स्वपक्षीयांचाही मोठा वाटा होता. इशारा ऐकणारा कोणी पलीकडच्या बाकांवर बसलेला होता, म्हणून तो फळास आला.

४

मॅकार्थीपर्वाने विद्वानांना एक वेगळा प्रश्न दिला: इतकी माणसे अशा नेत्यामागे जातात तरी का? कोलंबिया विद्यापीठातील इतिहासकार रिचर्ड हॉफस्टॅटर यांनी या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला. त्यांचा ‘द पॅरॅनॉइड स्टाइल इन अमेरिकन पॉलिटिक्स’ हा निबंध १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘हार्पर्स’ मासिकात आला. अठराव्या शतकाच्या अखेरच्या गुप्तमंडळांच्या भीतीपासून कॅथलिकविरोधी चळवळीपर्यंत आणि तेथून मॅकार्थीपर्यंत, सर्वत्र एका अदृश्य कटाची कल्पना अमेरिकन राजकारणात पुनःपुन्हा कशी अवतरते, हे त्यांनी मोठ्या व्यासंगाने दाखविले. वैद्यकातील हा शब्द आपण रोगनिदानासाठी वापरीत नाही, आणि ही शैली एकाच पक्षाची मिरास नाही, असेही त्यांनी बजावले होते.

पण निबंधाची प्रकृती लेखकाच्या खुलाशाहून बलवत्तर ठरली. शैलीचे वर्णन वाचता वाचता रुग्णाचे वर्णन बनते, आणि वैद्य व रुग्ण यांच्यात वाद संभवत नाही. रुग्णाचे म्हणणे हे मत नसून लक्षण असते. ते ऐकावयाचे ते त्याला उत्तर देण्यासाठी नव्हे, रोग ओळखण्यासाठी. हॉफस्टॅटर यांच्या याच दृष्टीवर दक्षिणेचे इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांनी १९५९ मध्येच आक्षेप घेतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या शेतकरी चळवळीला मॅकार्थीवादाची जननी ठरविताना, त्या शेतकऱ्यांना रेल्वे कंपन्या आणि सावकार खरोखरच पिळून काढीत होते हे विसरले जाते, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. कट काल्पनिक असला तरी जाच काल्पनिक नव्हता. पुढच्या काळातील पुष्कळ डाव्या लेखनाने हॉफस्टॅटर यांचा व्यासंग घेतला नाही, निदान मात्र घेतले; आणि प्रतिपक्षाला समजून घेण्याऐवजी त्याला रोगाचे नाव देण्याची सवय तेथून रुजली.

याच्या शेजारी हाना आरेंट यांचे दोन निबंध ठेवून पाहावेत. जर्मनीतून परागंदा होऊन आलेल्या आरेंट १९५१ मध्ये अमेरिकेच्या नागरिक झाल्या. सत्य आणि राजकारण यांवरील त्यांचा निबंध १९६७ मध्ये, तर व्हिएतनाम युद्धाविषयीची गुप्त सरकारी कागदपत्रे उजेडात आल्यावर राजकारणातील असत्यावर लिहिलेला निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. मतभेद हे राजकारणाचे जीवनच आहे, ही त्यांची भूमिका. परंतु मतभेद व्हावयाचा तर त्याला वस्तुस्थितीची जमीन लागते; आणि वस्तुस्थिती ही गणितातील सत्यासारखी अभेद्य नसून फार नाजूक असते, कारण एकदा दडपली की ती केवळ बुद्धीच्या बळावर पुन्हा शोधून काढता येत नाही. येथे रोगी कोणी नाही. त्या कागदपत्रांत उघडी पडलेली फसवणूक दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत वाढली होती, आणि तिचे कर्ते अडाणी जमावातील नव्हते. ते नामांकित विद्यापीठांत शिकलेले हुशार सल्लागार होते. असत्य हा केवळ परपक्षाचा दुर्गुण नव्हे, हे आरेंट यांनी स्वतःच्याच वाचकवर्गाला ऐकविले. नागरी संवादाची त्यांनी केलेली चिकित्सा म्हणूनच पक्षातीत उरली.

५

येथवर नागरी संवाद या शब्दांचा वापर जणू त्यांचा अर्थ निर्विवाद आहे अशा रीतीने झाला. वस्तुतः तो तसा नाही. सभ्यतेची मागणी ही पुष्कळदा पीडिताचे तोंड बंद करण्याची सोयीस्कर रीत असते. १९६३ च्या एप्रिलमध्ये अलाबामातील आठ श्वेतवर्णीय धर्मगुरूंनी एक जाहीर निवेदन काढून बर्मिंगहॅममधील निदर्शने अकाली असल्याचे म्हटले आणि संयमाचा सल्ला दिला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याला तुरुंगातून उत्तर लिहिले. हे पत्र इशाऱ्याच्या वाङ्मयातील एक आदर्श मानावे लागते, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. किंग त्या आठ जणांचे आक्षेप एकेक करून घेतात: बाहेरचा माणूस येथे का आला, चर्चा सोडून निदर्शने का, थांबावयास काय हरकत, कायदा मोडण्याचा अधिकार कोणी दिला. प्रत्येक पूर्वपक्षाला ते पुरते उत्तर देतात. आणि या उत्तरांतून अखेरीस असा निष्कर्ष उभा राहतो की, उघड वंशद्वेष्ट्यापेक्षाही शांततेला न्यायाहून अधिक जपणारा मवाळ माणूस हा मोठा अडथळा आहे. पत्रातील एकही शब्द असभ्य नाही आणि एकही शब्द मऊ नाही. सभ्यता आणि मवाळपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या पत्राने कायमचे सिद्ध केले.

त्याच वर्षी जेम्स बाल्डविन यांचे ‘द फायर नेक्स्ट टाइम’ हे पुस्तक आले. त्यातील पहिला लेख म्हणजे गुलामगिरीमुक्तीच्या शताब्दीनिमित्त पुतण्याला लिहिलेले पत्र. बाल्डविन यांचा संताप किंग यांच्याहून प्रखर आहे आणि धर्मावरचा त्यांचा विश्वास उडालेला आहे. तरीही श्वेतवर्णीय अमेरिकन त्यांच्या लेखनात परका होत नाही. तो भरकटलेला, स्वतःच्या इतिहासात अडकलेला, पण आप्त असा माणूस आहे. आणि त्याला त्याच्या निरागसपणाच्या भ्रमातून बाहेर काढणे हे त्याच्यावर प्रेम करण्याचे सर्वांत अवघड रूप आहे. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी केंब्रिज विद्यापीठाच्या वादसभेत बाल्डविन यांचा सामना पुराणमतवादी संपादक विल्यम बकली यांच्याशी झाला. अमेरिकन स्वप्न हे कृष्णवर्णीयांच्या हानीवर उभे आहे काय, हा विषय होता. ५४४ विरुद्ध १६४ मतांनी बाल्डविन यांचा पक्ष सभेने उचलून धरला. येथे मतांच्या आकड्यांहून ते दोघे एका सभागृहात, एका नियमाखाली, पाळीपाळीने बोलले, हे महत्त्वाचे. अशी सभा आज अमेरिकेत दुर्मिळ झाली आहे.

६

२०१६ च्या निवडणुकीनंतर या वाङ्मयाला अभूतपूर्व वाचक मिळाला. लुईस यांची जुनी कादंबरी नव्याने खपू लागली. इतिहासकार टिमथी स्नायडर यांचे ‘ऑन टिरनी’ (२०१७) हे वीस धड्यांचे छोटे पुस्तक आणि स्टीव्हन लेविट्स्की व डॅनियल झिब्लॅट या राज्यशास्त्रज्ञांचे ‘हाऊ डेमॉक्रसीज डाय’ (२०१८) ही त्यांतील अग्रगण्य. स्नायडर यांची वाक्ये आखूड आणि घडीव आहेत; पुस्तक खिशात बाळगावे असे आहे. पण तो खिसा कोणाचा, हे आधीच ठरलेले आहे. धडे पाळणारा वाचक आणि ज्याच्याविरुद्ध ते पाळावयाचे तो माणूस, यांची गाठ त्या पुस्तकात पडत नाही.

लेविट्स्की व झिब्लॅट यांचा ग्रंथ अधिक विचक्षण आहे. लोकशाह्या आता बंदुकीने नव्हे तर निवडून आलेल्यांच्या हातून मरतात. राज्यघटना कागदावर शाबूत राहते, पण प्रतिस्पर्ध्याला वैध मानणे आणि हाती असलेला अधिकार शेवटच्या टोकापर्यंत न ताणणे हे दोन अलिखित संकेत सुटले की ती निर्जीव होते, हे त्यांचे प्रतिपादन. त्यातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्यांनी स्वतःच्या सिद्धान्ताविरुद्ध दिलेली साक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील दोन पक्षांत जे सामंजस्य नांदले, त्याची किंमत कृष्णवर्णीयांना मताधिकारापासून दूर ठेवून चुकविली गेली होती, हे ते मान्य करतात. ज्या सभ्यतेच्या ऱ्हासाबद्दल शोक करावयाचा, ती मुळात कोणाला वगळून उभी राहिली होती? हा प्रश्न विचारण्याचे धैर्य या दोघांनी दाखविले, म्हणून त्यांचा इशारा केवळ गतकाळाचे स्मरणरंजन झाला नाही.

या साऱ्या पुराच्या बऱ्याच आधी, १९९८ मध्ये, तत्त्वज्ञ रिचर्ड रॉर्टी यांनी ‘अचीव्हिंग अवर कंट्री’ या पुस्तकात डाव्यांनाच इशारा दिला होता. पुस्तकाचे नाव बाल्डविन यांच्या शब्दांवरून घेतलेले. विद्यापीठांतील डावे विचारवंत संस्कृतीच्या चिकित्सेत रमले आणि कारखाने बंद पडलेल्या गावांतील माणसांचे जगणे त्यांच्या नजरेआड झाले. अशी उपेक्षित माणसे एके दिवशी एखाद्या बलदंड नेत्याच्या शोधात निघतील, हे त्यांनी सांगितले. २०१६ मध्ये हे भाकीत सर्वत्र उद्धृत झाले. परंतु ज्यांनी ते उद्धृत केले त्यांपैकी पुष्कळांनी त्यातील भविष्य घेतले आणि आरोप सोडून दिला. शॅड लेड्यूची कथा त्याच्या बाजूने सांगण्याची जी मागणी रॉर्टी यांनी केली होती, ती बहुतांशी अपुरीच राहिली.

घटनांनी या वाङ्मयाची दखल घेतली नाही असे नाही; पण त्या त्याच्या सांगण्यावरून थांबल्याही नाहीत. ६ जानेवारी २०२१ रोजी पराभूत राष्ट्राध्यक्षांच्या समर्थकांनी कॅपिटॉलवर हल्ला चढविला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून आले, आणि २० जानेवारी २०२५ रोजी, अधिकारग्रहणाच्याच दिवशी, त्या हल्ल्यातील सुमारे दीड हजार आरोपींना त्यांनी माफी दिली. इशारा देणाऱ्यांनी जे वर्णिले होते त्यातील पुष्कळ खरे होते. तरीही कोट्यवधी मतदारांपर्यंत ते पोहोचले नाही, किंवा पोहोचले तेव्हा ते आपल्याशी केलेले संभाषण नसून आपल्याविषयी केलेली कुजबूज आहे, असे त्यांना वाटले.

त्या वर्षातच याहून कठीण परीक्षा आली. १४ जून २०२५ रोजी मिनेसोटातील डेमोक्रॅटिक लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची राहत्या घरी हत्या झाली. १० सप्टेंबर रोजी उजव्या चळवळीचे तरुण संघटक चार्ली कर्क यांना युटामधील एका विद्यापीठाच्या आवारात, खुल्या प्रश्नोत्तरांच्या सभेत, गोळी घालून ठार करण्यात आले. प्रतिपक्षाच्या मृत्यूवर लिहिताना लेखणीची पारख होते. त्याच्या मतांवरील टीका तसूभर मागे न घेता, त्याच्या बोलण्याच्या हक्काचे आणि त्याच्या जिवाचे मोल निःसंदिग्धपणे सांगणे, हे वादाचे लक्षण. आणि ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणारे अर्धे वाक्य त्या निषेधाला जोडणे, हे जल्पाचे. दोन्ही प्रकारचे लेखन त्या दिवसांत, दोन्ही बाजूंनी, विपुल झाले.

७

या साऱ्या विचारपरंपरेचा एक धागा भारतापर्यंत येतो, आणि तो केवळ तुलनेसाठी ओढून आणलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि तेथे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू होते. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून परस्परांशी जोडलेल्या जीवनाची रीत आहे, हा ड्यूई यांचा विचार आंबेडकरांनी १९३६ मधील जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात आत्मसात केलेला दिसतो. पुढे हॉफस्टॅटर याच विद्यापीठात अध्यापन करीत होते. १९६८ मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावानंतरच्या पदवीदान समारंभात त्यांनी मुक्त चर्चेचे स्थान म्हणून विद्यापीठाची बाजू मांडली, तेव्हा शेकडो विद्यार्थी उठून बाहेर गेले होते. आणि २०२५ मध्ये याच विद्यापीठाची सुमारे चाळीस कोटी डॉलरांची अनुदाने व कंत्राटे सरकारने रद्द केली, तेव्हा विद्येच्या स्वातंत्र्याचा प्रश्न पुन्हा तेथेच उभा राहिला. विद्यापीठाला धोका एकाच दिशेने येत नाही, याची साक्ष या दोन प्रसंगांनी दिली.

आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेले भाषण हा इशाऱ्याच्या वाङ्मयाचा श्रेष्ठ नमुना आहे. राजकारणातील विभूतिपूजा ही हुकूमशाहीची वाट आहे, सामाजिक आणि आर्थिक समतेवाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही, हे त्यातील इशारे सर्वपरिचित आहेत. तेवढे परिचित नाही ते त्या भाषणाचे वळण. इशाऱ्याकडे येण्यापूर्वी आंबेडकर घटनेवर टीका करणाऱ्या कम्युनिस्ट आणि समाजवादी पक्षांचे म्हणणे काय आहे ते सांगतात आणि मग त्याला उत्तर देतात. ह. वि. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू अशा ज्या सभासदांनी मसुद्याला जागोजाग विरोध केला, त्यांची नावे घेऊन ते त्यांचे आभार मानतात. त्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, तथापि त्यांच्यामुळे घटनेमागची तत्त्वे उलगडून दाखविण्याची संधी मिळाली, हे ते नमूद करतात. पूर्वपक्षाला असा मान देऊन झाल्यावरच धोक्याची घंटा वाजते. ज्यांच्या हातून आपल्या समाजाने अपरंपार सोसले, त्यांच्याच सभेपुढे उभे राहून हे भाषण झाले आहे. तेथे एकही सत्य सौम्य केलेले नाही. आणि एकही श्रोता सभेबाहेर घातलेला नाही.

अमेरिकेतील डाव्या इशाऱ्याचे मूल्य याच तराजूत ठरेल. लुईस यांचे जेसप, मिलर यांचे प्रॉक्टर आणि हेल, किंग यांचे ते आठ पत्रभागी, बाल्डविन यांचे भरकटलेले आप्त, लेविट्स्की व झिब्लॅट यांनी स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष: या परंपरेत जे टिकाऊ आहे ते सारे आरोपकर्त्याने आपले नाव आरोपपत्रात घातल्यामुळे आणि प्रतिपक्षाला श्रोत्यांत बसविल्यामुळे टिकले आहे. जे विरले ते खोटे होते म्हणून विरले नाही. ते आपल्याच माणसांत बोलले गेले म्हणून विरले. मुजोर सत्तेला सभ्यतेचे कौतुक नसते, आणि तिच्यासमोर पूर्वपक्ष मांडत बसणारा लेखक दुबळा दिसण्याचा संभव आहे. पण ज्या दिवशी लोकशाहीचा कैवारी आपल्या विरोधी नागरिकाला उत्तर देण्याऐवजी त्याचे फक्त निदान करू लागतो, त्या दिवशी लोकशाहीचे एक काम त्याने स्वतःच बंद केलेले असते. मग ते काम कोणत्या हुकूमशहाने बंद केले, याचा शोध घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.